लसूण, कोंबडी आणि जिवाणू

लसणाची अख्खी पाकळी हुंगा. वास जेमतेम येतो. ठेचली की उग्र दर्प सुटतो. ठेचल्यावरच तयार होणारे हे ॲलिसिन १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो व बेली यांनी वेगळे केले. ते अनेक जिवाणूंची वाढ रोखते. कोंबडीतून माणसाकडे येणाऱ्या साल्मोनेलाचीही. पण ते टिकाऊ नाही.

पुढे कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके आली आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढले. म्हणून युरोपीय संघाने २००६ पासून वजनवाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. भारताने २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. वनस्पतींच्या अर्कांकडे पुन्हा लक्ष वळले.

मात्र काचेच्या बशीत जिंकलेला अर्क कोंबडीच्या पोटात, तिथल्या आम्लात आणि अन्नाच्या गर्दीतही जिंकेल का? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा.