भूकंपाचा मासा आणि भूकंपाचे छायाचित्र

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा आठवीत होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावीही फळीवरची भांडी खाली आली आणि सगळे अंगणात धावले. आजी म्हणाली, "अनंताच्याच रात्री शेषानं कूस बदलली रे!" काही दिवसांनी विज्ञानाच्या सरांनी वर्गात विचारले, भूकंप कशामुळे होतो? मी आजीचे उत्तर सांगून टाकले. वर्ग हसला, सरही हसले आणि मग त्यांनी फळ्यावर भूपट्टांची आकृती काढली. घरी जाऊन मीही आजीला हसलो. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे संशोधनाच्या निमित्ताने जपानला जाणे झाले. तिथल्या एका संग्रहालयात लाकडी ठशांनी छापलेले एक जुने रंगीत चित्र पाहिले. एक प्रचंड मासा पसरला आहे आणि चिडलेली माणसे त्याला हाताला येईल त्या वस्तूने बडवत आहेत. हा भूकंप घडवणारा मासा! मला आजीच्या शेषाची आठवण झाली. चित्राकडे जरा वेळ पाहिल्यावर मात्र लक्षात आले की, यात भूकंपाच्या कारणाखेरीज आणखी बरेच काही सांगितलेले आहे. त्याचीच ही हकीगत.

जमिनीखालचा मासा

या माशाचे जपानी नाव 'नामाझू'. तोंडाला मिशा, अंगावर खवले नाहीत, गढूळ पाण्यात तळाशी राहणारा; आपल्याकडच्या शिंगटी-मागुराच्या जातकुळीतला. जपानी चित्रकलेत तो जुना आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेत्सु नावाच्या भिक्षू-चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात एक माणूस गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत नामाझू पकडू पाहतो. जे जमणारच नाही ते करू पाहण्याचे हे कोडे. क्योतोच्या एका मठाकडे हे चित्र आजही आहे. पुढे ओत्सु गावचे कारागीर हमरस्त्यावरच्या वाटसरूंना स्वस्त लोकचित्रे विकत. त्यांत माणसाच्या जागी माकड आले. भोपळा आणि मासा तेच राहिले.

भूकंपाशी या माशाचा संबंध मागाहून जुळला. सतराव्या शतकातल्या काही नकाशांत जपानला वेटोळे घालून बसलेला एक नागासारखा प्राणी दिसतो, म्हणजे आपल्या शेषाचा जणू दूरचा भाऊबंदच. हळूहळू त्याची जागा नामाझूने घेतली. समजूत अशी की, जमिनीखाली एक महाकाय नामाझू आहे. काशिमा देवाने एका शिळेने त्याला दाबून ठेवले आहे. देवाचे लक्ष चुकले की मासा वळवळतो आणि भूकंप होतो. काशिमाच्या देवस्थानात ही शिळा दाखवतात. जमिनीवर तिचा अगदी छोटा माथा दिसतो. तिचे मूळ शोधण्यासाठी एका सरदाराने सात दिवस खणले तरी तळ लागला नाही, अशी दंतकथा आहे.

१८५५ ची रात्र

एडो म्हणजे आजचे तोक्यो. तेव्हा तिथे सुमारे दहा लाख लोकांची वस्ती होती. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री दहाच्या सुमारास शहराला मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारे ७ असावी, असा आजचा अंदाज आहे. ठिकठिकाणी आगी लागल्या. सात ते दहा हजार माणसे मरण पावली. खाडीलगतच्या सखल भागात, भर घालून तयार केलेल्या जमिनीवरच्या वस्त्यांत हानी जास्त झाली.

जपानी पंचांगानुसार तो दहाव्या महिन्याचा दुसरा दिवस होता. या महिन्याला 'देव नसलेला महिना' म्हणतात, कारण देशभरचे देव तेव्हा इझुमो येथे सभेला जातात. मग काशिमा देवही तिकडेच असणार! राखणीला मागे ठेवलेल्या एबिसु देवाचा डोळा लागला आणि माशाने संधी साधली, अशी गोष्ट लोकांनी रचली.

काही दिवसांतच रस्त्यावर चित्रे विकायला आली. त्यांना 'नामाझू-ए' म्हणतात. 'ए' म्हणजे चित्र. तेव्हाच्या छपाईची रीत थोडक्यात अशी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढीत. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. मग फळीवर रंग लावून, वर कागद ठेवून पाठीमागून घासले की छाप उठे. अशा छापील चित्रावर सरकारी तपासनिसाचा शिक्का असणे सक्तीचे होते. नामाझूच्या चित्रांवर तो नसे. चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे नावही बहुधा नसे. अशी दोनशेहून अधिक वेगवेगळी चित्रे आज माहीत आहेत. साधारण दोन महिन्यांनी सरकारने त्यांवर बंदी आणली आणि ठसे नष्ट करवले.

चित्रात कोण काय करते आहे?

ही चित्रे पाहताना माशापेक्षा भोवतालच्या माणसांकडे पाहावे. एका चित्रात योशिवारा या गणिकांच्या वस्तीतील स्त्रिया माशाला बडवत आहेत. त्यांची वस्ती जळून गेली होती. मात्र त्याच चित्राच्या कोपऱ्यातून काही माणसे माशाला वाचवायला धावत येताना दिसतात. कोण आहेत ती? सुतार, गिलावा करणारे गवंडी, छपरे शाकारणारे! भूकंपानंतर त्यांची मजुरी वाढली होती. लाकडाच्या व्यापाऱ्यांचीही चांदी झाली होती.

दुसऱ्या एका चित्रात धनवान माणूस सोन्याची नाणी ओकतो आहे आणि गरीब ती गोळा करत आहेत. श्रीमंतांना घरे नव्याने बांधावी लागली, त्यांच्याकडून देणग्याही घेतल्या गेल्या. तुंबलेला पैसा वाहू लागला. 'जगाची घडी नीट बसवणे' असा अर्थाचा एक शब्दच तेव्हा प्रचारात होता. आणखी एका चित्रात नामाझू आणि एक अमेरिकन माणूस गळ्यात दोरी अडकवून एकमेकांना ओढत आहेत आणि गवंडी पंच म्हणून उभा आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८५३ मध्ये, अमेरिकन नौदल अधिकारी पेरी काळ्या युद्धनौका घेऊन एडोच्या खाडीत शिरला होता. जमीन हलवणारा कोण, मासा की परदेशी? असा तो खोचक प्रश्न.

हे सगळे लोक मासा खरोखर खाली आहे असे मानत होते का? तसे ठामपणे म्हणता येत नाही. जमिनीत कोंडलेला उष्ण वायू उसळून भूकंप होतो, असा चिनी परंपरेतला विचार शिकलेल्यांना माहीत होता. मासा हे बऱ्याच अंशी विनोदाचे आणि दुःख हलके करण्याचे साधन होते. भूकंप का झाला, याचे चित्रांतले उत्तर चूक आहे. पण भूकंपाने कोणाचे काय झाले, याची ती चांगली साक्ष देतात, आणि तीही सरकारी दप्तरात सहसा न मिळणारी.

दरीतले छायाचित्र

यानंतर पंचवीस वर्षांत जपान फार बदलला. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला भूकंप झाला. खाणकाम आणि भूशास्त्र शिकवायला आलेल्या जॉन मिल्न या इंग्रज प्राध्यापकाने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. जगातली ही अशी पहिली संस्था. मिल्न, युइंग आणि ग्रे यांनी भूकंपमापक यंत्रे विकसित केली. आता जमिनीची थरथर स्वतःच आपली रेषा काढू लागली.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानातील नोबी प्रदेशात सुमारे ८ तीव्रतेचा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे दगावली. बुंजिरो कोतो हे भूशास्त्रज्ञ पाहणीला गेले. नेओ नदीच्या खोऱ्यात मिदोरी नावाच्या गावी त्यांना जमीनच फाटलेली आढळली. सपाट शेतजमिनीत सुमारे सहा मीटर उंचीची पायरी तयार झाली होती. गावचा रस्ता येऊन त्या पायरीशी तुटत होता आणि त्याचा उरलेला भाग बाजूला सरकून दुसऱ्या पातळीवर पुढे जात होता. अशा फाटीची ओळ कित्येक किलोमीटर मागोवा घेत जाता येत होती.

मिदोरीचे छायाचित्र कोतोंच्या १८९३ च्या निबंधात छापले गेले आणि जगभर गेले. भूकंपाच्या हादऱ्याने जमिनीला तडे जातात, असे तोवर बहुतेकांचे मत होते. कोतो म्हणाले, क्रम उलटा आहे: खडक भ्रंशरेषेवर एकाएकी सरकले, म्हणून भूकंप झाला. मुद्दा काय आहे, हे ते छायाचित्र क्षणात दाखवून देते. अर्थात नुसते छायाचित्र कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. फाटीची लांबी, दिशा, सरकण्याचे अंतर ही मोजणी कोतोंच्या पाठीशी होती. ती पायरी आज संरक्षित आहे आणि तिथे जमिनीखाली उतरून भ्रंशाचा छेद पाहता येतो.

नामाझूच्या चित्राशी या छायाचित्राची तुलना करून पाहा. छायाचित्रात कारणाचा धागा सापडतो. पण त्या गावात कोण मेले, घर पुन्हा कोणी बांधले, मजुरी कोणाला मिळाली, हे त्यात नाही. दोन्ही चित्रे भूकंपाचीच, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणारी.

माशाऐवजी शेजारी

यापुढचा प्रसंग सांगायला कठीण आहे, पण गाळून चालणार नाही. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे असताना तोक्यो-योकोहामा भागात महाभूकंप झाला. जेवणाची वेळ असल्याने चुली पेटलेल्या होत्या. आगी पसरल्या आणि सुमारे एक लाख पाच हजार माणसे मृत्युमुखी पडली. तोवर जपानमध्ये भूकंपशास्त्राचे प्राध्यापक होते, यंत्रे होती, वर्तमानपत्रे होती. तरीही कोरियन लोक आगी लावत आहेत, विहिरींत विष घालत आहेत, अशी अफवा उठली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि तिथले मजूर शहरात कामाला आलेले होते. नागरिकांच्या टोळ्यांनी, काही ठिकाणी पोलिसांनी आणि सैनिकांनीही, हजारो निरपराध कोरियनांना ठार मारले.

१८५५ मध्ये लोकांनी कागदावरच्या माशाला बडवले होते. १९२३ मध्ये भूकंपाचे कारण अधिक चांगले माहीत असूनही राग शेजाऱ्यांवर निघाला. भूकंप कशामुळे होतो, एवढे कळणे पुरेसे नसते. ऐकलेली गोष्ट तपासून पाहण्याची सवयही समाजाला लागावी लागते.

ती सवय रस्त्यावर कशी लावता येते, हे त्याच राखेतून एका माणसाने दाखवले. वाजिरो कोन हे वासेदा विद्यापीठात वास्तुकला शिकवत. आधी ते लोकसाहित्याचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांच्यासमवेत खेड्यांतली घरे पाहत हिंडले होते. भूकंपानंतर ते वही घेऊन तोक्योत फिरू लागले. लोकांनी पत्रे, फळ्या जोडून उभ्या केलेल्या झोपड्यांची त्यांनी रेखाटने केली. १९२५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिंझाच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पोशाख मोजले. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य वेशात होते. स्त्रियांपैकी? फक्त १ टक्का! त्या काळची मासिके तर नव्या पेहरावातल्या 'आधुनिक' तरुणींच्या चर्चेने गजबजलेली होती. मोजल्यावर समजूत आणि वस्तुस्थिती यांतले अंतर उघड झाले. पुढे तिशीच्या दशकात इहेई किमुरा, किनेओ कुवाबारा यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी छोटे कॅमेरे घेऊन तोक्योचे रस्ते टिपले. साध्या माणसांकडे निरखून पाहण्याची तीच दृष्टी.

मासा अजून जिवंत आहे

नामाझू विस्मरणात गेलेला नाही. मासे सूक्ष्म विद्युतप्रवाह ओळखतात, तेव्हा भूकंपापूर्वी त्यांना काही जाणवते का, यावर हाताई आणि आबे यांनी १९३२ मध्ये निबंध लिहिला. तोक्योच्या मत्स्य संशोधन केंद्राने १९७६ ते १९९२ अशी सोळा वर्षे टाक्यांतल्या नामाझूंवर नजर ठेवली. धक्क्यापूर्वी मासे अस्वस्थ दिसले ते साधारण तीनपैकी एका वेळी. एवढ्यावर इशारा देता येत नाही, म्हणून प्रयोग थांबला. समजुतीला हसण्याऐवजी ती तपासली आणि टिकत नाही असे दिसल्यावर सोडून दिली. आज भूकंपात तातडीच्या वाहनांसाठी मोकळ्या ठेवायच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर नामाझूचे चित्र असते. कारण म्हणून गेलेला मासा खूण म्हणून परत आला.

वर्गात काय करता येईल?

भूकंपाचा पाठ शिकवताना मुलांना आधी घरी ऐकलेल्या गोष्टींची चित्रे काढू द्यावीत. मग प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत. यात कारण काय दाखवले आहे? ते खरे की खोटे, हे कसे तपासता येईल? आणि चित्रातल्या माणसांचे काय झाले आहे? पहिल्या दोन प्रश्नांत शेषनाग आणि मासा बाद होतील. तिसऱ्या प्रश्नाला मात्र आजी-आजोबांकडेच जावे लागेल.

आमच्या सरांची आकृतीही अपुरीच होती, हे मला फार उशिरा कळले. किल्लारी भूपट्टाच्या कडेला नाही, बरीच आत आहे. कडांची आकृती काढून तिथला भूकंप समजत नाही. शिवाय तिथे सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली कितीतरी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे अंगावर कोसळून. अशाच घरात आजीचा जन्म गेला होता. कोणती भिंत आधी फुगते, माळवदावर दरवर्षी माती का चढते, हे तिला ठाऊक होते. मी तिला विचारले असते, तर तिने सांगितले असते.