नगरप्रतिमा : भिवंडी आणि शेलार

नगरप्रतिमा : एखाद्या शहराचे नाव ऐकताच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ती त्या शहराची प्रतिमा. हे चित्र जाणीवपूर्वक घडवणे, जपणे आणि बिघडल्यास दुरुस्त करणे याला नगर-ब्रँडिंग म्हणतात. बोधचिन्ह, घोषवाक्य, महोत्सव, चौकातले रंगीत फलक ही त्याची दिसणारी साधने. त्याचा पाया मात्र रोजगार, रस्ते, पाणी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास हा असतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी आणि तिला लागून असलेले शेलार यांच्या उदाहरणातून हा फरक स्पष्ट होतो.

स्थान : शेलार हे भिवंडी–वाडा रस्त्यावर, कामवारी नदीवरील नदीनाक्याजवळचे गाव. येथे ग्रामपंचायत आहे. २०११च्या जनगणनेत मात्र शेलारची नोंद ‘जनगणना नगर’ अशी झाली. खोणी, काटई, कारिवली या शेजारच्या गावांचेही तसेच. मोजणीत शहर आणि कारभारात गाव, अशी ही स्थिती. भिवंडी-निजामपूर महापालिकेची २०११ची लोकसंख्या सुमारे ७.०९ लाख होती; तीत ही गावे धरलेली नाहीत. यंत्रमाग, सायझिंग आणि डाईंगचे कारखाने मात्र महापालिकेची हद्द पाहून थांबत नाहीत. त्यामुळे शेलारच्या कारखान्यात आग लागली, तरी बातमी ‘भिवंडीत आग’ अशीच छापून येते.

उसनी उपाधी : १८५७नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजवले. १९३०च्या दशकात यंत्रमाग आले. जानेवारी १९८२मध्ये मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर तेथील बरेच काम भिवंडीच्या मागांकडे वळले. या भरभराटीतून ‘भारताचे मँचेस्टर’ ही उपाधी चिकटली. हीच उपाधी अहमदाबादलाही लावली जाते. इचलकरंजी ‘महाराष्ट्राचे’ आणि कोइम्बतूर ‘दक्षिण भारताचे’ मँचेस्टर ठरले. इतक्या गावांना एकच नाव दिले, की त्यातून कोणत्याही एका गावाची ओळख पटत नाही.

कापडाचे नाव : येथील व्यवसाय बहुतांशी मजुरीवर चालतो. व्यापारी सूत देतो, सायझिंगमध्ये त्याला खळ चढवून बीम भरले जाते, बीम मागावर जाते आणि मागवाल्याला ‘पिक’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने काही पैसे मिळतात. मागावरून उतरलेला तागा ‘ग्रे’ असतो, म्हणजे न धुतलेला आणि न रंगवलेला. त्यातला बराचसा माल रंगाई-छपाईसाठी दुसऱ्या शहरांकडे जातो आणि दुकानात पोहोचतो तेव्हा त्यावर तिसऱ्याच कुणाचा छाप असतो. सोलापूरची गोष्ट वेगळी. ‘सोलापुरी चादर’ आणि तेथील टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. पैठणीला ते २०१०मध्ये मिळाले. तेथे गावाचे नाव मालाबरोबर ग्राहकाच्या घरी पोहोचते. भिवंडीचे नाव माल टेम्पोत चढतो तेथेच मागे राहते.

डाग आणि दुरुस्ती : मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी भिवंडीत भीषण हिंदू-मुस्लीम दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोग नेमला गेला. १९८४मध्ये पुन्हा दंगल उसळली आणि ‘दंगलीचे गाव’ ही ओळख पक्की झाली. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी ही ओळख पुसायला घोषवाक्य शोधले नाही. त्यांनी सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसत; गटार, नळ, गल्लीतली भांडणे यांवर बोलणे होई. अफवा उठली, तर खरेखोटे कुणाला विचारायचे हे त्यामुळे आधीच ठरलेले असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. मात्र जुलै २००६मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसा होऊन पोलीस आणि नागरिक दोन्ही बाजूंची माणसे मेली. दुरुस्त केलेली प्रतिमाही सतत राखावी लागते, हे त्यातून दिसले.

गोदामांचे शहर : अलीकडची ओळख गोदामांची. मुंबईत जकात होती तोवर माल हद्दीबाहेर साठवून लागेल तसा आत नेणे व्यापाऱ्यांना परवडे. मुंबई–नाशिक महामार्ग आणि उरणचे बंदरही आवाक्यात. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे राहिली. ऑनलाइन खरेदीने ती वाढलीच. यांपैकी बहुतेक गोदामे माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर अशा ग्रामपंचायतींच्या जमिनीवर आहेत. ‘भिवंडीची गोदामे’ म्हणून जी ओळख सांगितली जाते, ती प्रत्यक्षात भिवंडीभोवतीच्या गावांची आहे.

इतरत्र : १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होते. १९७७मध्ये न्यूयॉर्क राज्याने पर्यटनासाठी मोहीम काढली आणि मिल्टन ग्लेसर यांनी तिचे लाल बदामाचे चिन्ह रेखाटले. अ‍ॅमस्टरडॅमने २००४मध्ये ‘आय अ‍ॅमस्टरडॅम’ हे बोधवाक्य घेतले. संग्रहालयासमोरची त्याची भव्य अक्षरे फोटोसाठी जगप्रसिद्ध झाली. तेथे इतकी गर्दी होऊ लागली, की डिसेंबर २०१८मध्ये शहरानेच ती अक्षरे हटवली. चिन्हाने पाहुणे आले. त्यांची गर्दी सोसायची होती ती रहिवाशांना.

मूल्यमापन : भिवंडीची तिन्ही नावे बाहेरून आली. मँचेस्टर तुलनेतून आले, दंगल बातम्यांतून आणि गोदाम बाजारातून. यांतले एकच नाव गावाने स्वतः बदलून दाखवले. त्याला जाहिरात लागली नाही, गल्लीगल्लीतल्या बैठका लागल्या. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीपट्ट्यात आरमाराचा आरंभ केला. हा वारसा भिवंडीच्या प्रचलित ओळखीत क्वचितच दिसतो. प्रतिमेचा कारभार पाहायचा कुणी, हा येथे व्यावहारिक प्रश्न आहे, कारण महापालिकेचे अधिकार तिच्या हद्दीपुरते आणि ग्रामपंचायतीचे गावापुरते असतात. शेलारमधला मागवाला भिवंडीच्या बऱ्यावाईट नावाचा वाटेकरी असतो. ते नाव सुधारण्यासाठी महापालिकेत मत द्यायची वेळ येते, तेव्हा त्याचे नाव त्या मतदारयादीत नसते.