लावणीचा दुसरा हिस्सा



स्वतः गीत रचावें, स्वतः गावें, आणि ऐकणाराचे पाय आपोआप थिरकावे अशी त्याची घडण करावी, असे कवि-गायक आज नव्या ध्वनिमुद्रिका काढतात. तरुण मंडळी ही रीत अगदीं नवी समजतात. महाराष्ट्राला ती नवी नाहीं. आमच्या विदर्भांतील खडी गंमतींत शाहीर उभ्यानें गातो आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या त्याच्या शब्दाला पायांनीं उत्तर देतो. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशांत तर या रीतीला एक थोर कवि लाभला. त्याचें नांव पठ्ठे बापूराव.

बापूरावांचें मूळ नांव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष या गांवीं, ब्राह्मण कुळांत, ११ नोव्हेंबर १८६६ रोजीं त्यांचा जन्म झाला. घरीं कुलकर्णीपणाचें वतन होतें. दप्तर आणि मान दोन्ही आयतीं होतीं. मन मात्र रमलें तमाशाच्या फडांत. हा तमाशा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांच्या कलावंतांनीं उभा केलेला. सावळजच्या उमाजी बाबाजी मांग यांनीं १८६५ सालीं ‘मोहना-बटाव’ हा वग आणला. तो पहिला वग मानला जातो. म्हणजे बापूराव जन्मले तेव्हां वग हा प्रकार अवघा वर्षाचा होता. पुढें वतन आणि जातीचा मान यांवर पाणी सोडून हा कुलकर्णी फडांत उतरला, आणि लावण्या, गण, गौळणी व ‘मिठाराणी’सारखे वग त्यानें रचले.

आतां फडाची लावणी कशी चालते तें पाहूं. शाहीर धृवपद उचलतो. झीलकरी तें झेलतात. तुणतुणें सूर धरून असतें. कडवें संपतां संपतां लय चढते, शब्द थांबतात, ढोलकीवाला तोडा वाजवितो आणि घुंगरांची पाळी येते. ती संपली कीं पुन्हां धृवपद. म्हणजे कवीनें रचनेंतच एक जागा मोकळी ठेविलेली असते, आणि ती जागा नाचणारीनें भरावयाची असते. कागदावर ती जागा कोरी दिसते. फडांत मात्र टाळी तिथेंच पडते.

बापूरावांच्या फडांत ही जागा भरणारी स्त्री म्हणजे संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा येथील पवळा. ती महार समाजांतील. तिच्या रूपाची आणि नृत्याची कीर्ति मुंबईपर्यंत पोंचली होती. तिला पाहावयास लोक लोटत. परंतु पाहून घरीं गेल्यावर तिचें नांव सभ्य घरांत काढीत नसत.

मग ग्रामोफोन आला. हिंदुस्थानांत १९०२ सालीं ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें ३ मिनिटें मावत. तेवढ्यांत कडवीं उरकावयाचीं म्हटल्यावर कात्री कोठें लागावी हें उघड आहे. छापील पुस्तकांनीं शब्द राखले, तबकडीनें सूर राखला. पाय कोणींच राखले नाहींत. आकाशवाणीवरूनही मी आपल्याला तेवढेंच ऐकवूं शकतों.

या नाचामागें केवळ कला नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठीं निधि जमत असतां बापूरावांनीं आपल्या खेळांचें उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस देऊं केलें, आणि तें त्यांनीं नाकारलें, असें चरित्रकार सांगतात. आमच्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, असा त्यांचा आशय होता. बापूरावांची देण्याची इच्छा खरी असेल; बाबासाहेबांचा नकारही तितकाच खरा होता. एकाला गाणें दिसत होतें, दुसऱ्याला गाण्याची किंमत कोण मोजतें तें दिसत होतें.

मी बडनेऱ्यास तीस वर्षें मास्तरकी केली. शाहिरी वाङ्मयाचा पाठ आला कीं फळ्यावर कवीचें नांव, जन्मसाल आणि रचना लिहून देत असें. एकदां मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, बापूरावनं लेयलं, बापूरावनंच गायलं; मंग नाचलं कोन?” वर्ग हसला. मींही हसून पुढचा पाठ काढला. उत्तर मला ठाऊक होतें, पण तें परीक्षेंत येत नव्हतें. त्या मुलीला तें मीं दिलें नाहीं, याची रुखरुख आज साठी उलटल्यावरही आहे.

बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजीं पुण्यास हालअपेष्टांत वारले. १९५० सालीं त्यांच्या नांवाचा चित्रपट निघाला. आतां लावणी शाळांच्या संमेलनांतही मानानें नाचली जाते, आणि आपल्याच घरच्या मुली ती नाचतात. हें चांगलेंच झालें. मात्र कवीचें नांव घेतांना दुसरें नांवही घ्यावें. मीं फळ्यावर कधीं लिहिलें नाहीं तें उत्तर आज उशिरां देतों : पवळा, हिवरगांवची.