पाटीवरचे नाव, तोंडातले नाव

भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात धावली : एस्प्लनेड ते भवानीपूर, अवघे ३.४ किलोमीटर. पायाभरणी १९७२ सालची. रस्ता वरून खणायचा, बोगदा बांधायचा, पुन्हा बुजवायचा, अशी बहुतेक कामाची रीत. त्यामुळे शहराने कित्येक वर्षे खड्ड्यांच्या काठाकाठाने काढली. टॉलीगंज ते दमदम सलग गाडी धावायला १९९५ साल उजाडले.

२००९-१० मध्ये मार्ग दक्षिणेकडे वाढला आणि स्थानकांना माणसांची, पुस्तकांची नावे मिळाली. बांशद्रोणीचे स्थानक मास्टरदा सूर्य सेन, नाकतलाचे गीतांजली. जुने टॉलीगंजही महानायक उत्तमकुमार झाले. पहिल्या गाडीचे भवानीपूर तर आज नेताजी भवन आहे.

बंगालीतून मराठीत अनुवाद करताना मला इथे अडायला होते. कथेतले पात्र टॉलीगंजला उतरते. पाटीवर ते नाव नसते. मी टॉलीगंजच ठेवते. थोरांचा मान राखावा, जरूर. पण वस्तीचे नाव हाही तिथल्या लोकांचा इतिहासच. तो पाटीवरून गेला, तर निदान भाषेतून जाऊ नये.