शंभर टेबलांवर एक हुकूम

कचेरीत टंकलेखन यंत्र होते तेव्हा त्याला दुरून कोणी काही सांगू शकत नसे. साधी रिबन बदलायची तरी माणसाला त्याच्यापाशी जावे लागे. संगणक आले तेव्हा पहिली काही वर्षे त्यांचेही तसेच होते. आज मात्र सकाळी बटण दाबले की काल नसलेला प्रोग्रॅम पडद्यावर हजर असतो आणि कारकुनाला त्याचे नवलही वाटत नाही. हा बदल कसा घडला आणि त्यात आपल्या मराठीच्या वाट्याला काय आले, हे मला आज सांगायचे आहे. मी कविता लिहिणारा माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण आपले शब्द ज्या यंत्रातून बाहेर पडतात त्या यंत्रावर हुकूम कोणाचा चालतो, हे लिहिणाऱ्याने पाहायलाच हवे.

सुरुवात फ्लॉपीपासून करू. १९९५ साली विंडोज ९५ आले, ते तेरा फ्लॉपींच्या संचातही मिळत असे. पत्रे, तक्ते, हिशेब करणारे ऑफिस ९७ तर सीडीखेरीज पंचेचाळीस फ्लॉपींवरही निघाले होते. कचेरीत शंभर टेबले असतील तर साडेचार हजार वेळा फ्लॉपी आत घालायची आणि बाहेर काढायची! शिवाय प्रत्येक यंत्र तेच प्रश्न विचारणार आणि उत्तरे देणाऱ्याचे लक्ष जरा हलले की एका टेबलावर एक गोष्ट बसणार, दुसऱ्यावर दुसरी. कुठे नवे ऑफिस, कुठे जुने. नव्यात लिहिलेले पत्र जुन्यात थेट उघडत नसे. गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेने १९८७ पासूनच सांगायला सुरुवात केली होती, की संगणकाची खरी किंमत दुकानातल्या पावतीवर नसते, ती पुढे त्याच्या देखभालीत जाते. फ्लॉपींचा संच घेऊन टेबलाटेबलाशी फिरणारा माणूस ही त्या खर्चातली मोठी बाब होती.

यावर तोड म्हणून संगणक एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचा मिळून एक कारभार ठरला. त्याला ‘डोमेन’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी १९९३ मध्ये आणले. त्याच वर्षी नॉव्हेल या अमेरिकी कंपनीने साऱ्या जाळ्याची एकच नोंदवही ठेवणारी पद्धत बाजारात आणली. पुढे १९९८ मध्ये तिच्या झेनवर्क्सने दूरवरच्या यंत्रांवर प्रोग्रॅम पोहोचवण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्ट या बाबतीत मागून आले, हे नोंदवायला हवे.

एनटीच्या काळातही वरून काही नियम पाठवता येत, पण त्यात एक खोट होती. नियम मागे घेतला तरी यंत्रात त्याची खूण तशीच राही. तंत्रज्ञ त्याला ‘टॅटू’ म्हणत. आपल्याकडे गोंदण म्हणतात ना, तेच. गोंदणारा निघून गेला तरी हातावरचे नाव जात नाही.

पुढची पायरी १९९९ मधली. ऑफिस २००० सोबत ‘विंडोज इन्स्टॉलर’ नावाची यंत्रणा आली. तोपर्यंत प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या रीतीने घरात शिरत असे. आता त्याने येताना यादी आणायची असे ठरले: कोणती फाइल कुठे ठेवायची, कोणती नोंद कशी करायची. यादी पाहून काम करणार ती विंडोजचीच सेवा. त्यामुळे वरून हुकूम असेल तर टेबलावरच्या माणसाला विशेष अधिकार नसले तरी चालत होते. महत्त्वाची फाइल चुकून पुसली गेली तर हीच सेवा यादी पाहून ती मूळ ठिकाणाहून परत आणत असे.

मग १७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आले. त्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही नोंदवही होती आणि ‘ग्रुप पॉलिसी’ हे हुकूमनामे काढण्याचे दफ्तर होते. हुकूम कसा निघायचा ते पाहा. कारभारी ऑफिसची एक प्रत सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवी. स्थापनेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तो एका वेगळ्या फाइलीत आधीच लिहून ठेवी. मग अमुक विभागातल्या यंत्रांना हे ऑफिस द्यावे, असा हुकूम नोंदवी. त्याचे काम इथे संपले. सर्व्हर कुणाच्या दारात जात नाही. प्रत्येक यंत्र सुरू होताना सर्व्हरला विचारते, माझ्यासाठी काय हुकूम आहे? साध्या नियमांसाठी ते दर नव्वद मिनिटांनी पुन्हा विचारते आणि त्यात तीस मिनिटांपर्यंतची उशिराची मुभा असते, म्हणजे सगळ्यांची एकदम दारात गर्दी होत नाही. प्रोग्रॅम मात्र यंत्र सुरू होताना किंवा माणूस आत शिरतानाच बसतो. चालू कामात कुणाचा हात धरायचा नाही, एवढा शिष्टाचार त्यात आहे.

हुकमाचे प्रकार दोन, सक्ती आणि मुभा. यंत्राला सक्ती केली की प्रोग्रॅम थेट बसतो. माणसाच्या नावे नेमून दिला की आधी फक्त त्याचे चिन्ह दिसते आणि त्यावर पहिल्यांदा क्लिक केल्यावर तो बसतो. मुभा असेल तर तो नुसता यादीत दिसतो. हवा असेल त्याने घ्यावा.

आणि हुकमांत विरोध आला तर? आधी यंत्राचा स्वतःचा नियम, मग त्या ठिकाणाचा, मग साऱ्या डोमेनचा, शेवटी विभागाचा. जो शेवटी येतो तो टिकतो, म्हणजे माणसाच्या सगळ्यात जवळच्या विभागाचा शब्द चालतो. मात्र वरच्याने ‘हा हुकूम कोणी ओलांडू नये’ अशी खूण केली असेल तर खालच्याचे काही चालत नाही. सरकारी नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

दोन बारकावे मला विशेष वाटतात. एक चौकट अशी, की तिच्यात खूण केली तर यंत्र व्यवस्थापनाच्या कक्षेबाहेर गेल्यावर प्रोग्रॅम आपोआप काढला जातो. बदली झाली की क्वार्टर सोडायचे, तसे. गोंदणाचा काळ अशा रीतीने संपला. दुसरा बारकावा असा, की तार मंद असेल, सेकंदाला पाचशे किलोबिटांहून कमी वेगाची असेल, तर मुळातल्या मांडणीप्रमाणे प्रोग्रॅम पाठवलाच जात नाही. दूरच्या, मंद तारेवरच्या कचेरीने तो माणूस येण्याचीच वाट पाहायची.

आता मराठीकडे वळतो. ज्या विंडोज २००० ने हे हुकूमनाम्यांचे दफ्तर आणले, त्याच विंडोजने युनिकोडची देवनागरी आणि ‘मंगल’ हा फाँट आणला. दोन्ही गोष्टी एकाच डब्यातून आल्या. पण भारतीय लिपींची सोय त्या डब्यात बांधून ठेवलेली होती. ती हवी असेल तर यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मागितल्यावर सीडी घालायची, यंत्र पुन्हा सुरू करायचे. २००१ च्या विंडोज एक्सपीत हीच चौकट ‘गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या’ लिपींसाठी मिळून एक होती. घरात उर्दू आणि कागदावर मराठी घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटली. ज्या दोन लिपींना आपल्याकडे लोक वेगवेगळ्या अंगणांत बसवतात, त्यांना त्या यंत्राने एकाच चौकटीत बसवले होते आणि त्या चौकटीवर खूण नव्हती.

माझ्या परिचयाच्या एका कचेरीत ऑफिस वरून आले, सगळ्या टेबलांवर सारखे आले. मराठीची खूण मात्र कोणी पाठवली नाही. एकाने युनिकोडमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोनांची रांग होऊन पोहोचे. कुठे अक्षरे दिसत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडलेली असे. लोक म्हणत, संगणकाला मराठी येत नाही. मग सगळे आपापल्या जुन्या फाँटकडे परत जात. तो फाँट दुसऱ्याकडे नसला की तिथे इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसे.

हे टाळता आले असते. लागणाऱ्या फायली सर्व्हरवर ठेवायच्या, एका लहानशा फाइलीत भारतीय लिपींच्या गटाचा क्रमांक, म्हणजे १५, लिहायचा आणि यंत्र सुरू होताना ती चालवण्याचा हुकूम ग्रुप पॉलिसीतून द्यायचा. दोन ओळींचे काम. महाराष्ट्रात राजभाषेचा कायदा १९६४ चा. कायदा होता, यंत्र होते, दोघांना जोडणारी वाटही होती. यादीत ओळ घालणारा हात तेवढा नव्हता.

पुढे २००७ मध्ये घराघरांत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टात भारतीय लिपी आपोआप येऊ लागल्या आणि खुणेचा प्रश्न मिटला. ऑफिस पाठवण्याची ती जुनी वाटही बंद झाली. ऑफिस २००७ मध्ये ती अरुंद झाली आणि ऑफिस २०१० ने ती सोडलीच. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आल्यावर प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरू लागला. त्याच्या हुकमाच्या फाइलीत आज ‘एमआर-आयएन’ हे भाषेचे चिन्ह लिहिले की मराठी सोबत येते. ग्रुप पॉलिसी मात्र नियम पाठवायला आजही कामावर आहे. तिची दुसरी बाजूही दिसली आहे. २०२१ मध्ये लॉकबिट या खंडणीखोर टोळीच्या प्रोग्रॅमने हीच वाट वापरून साऱ्या डोमेनच्या फायली कुलूपबंद करण्याची युक्ती काढली. आज्ञाधारक यंत्र हुकूम कोणाचा आहे ते विचारत नाही, फक्त शिक्का पाहते.

म्हणून या इतिहासातून मी एवढेच घेतो. यंत्र आपली भाषा नाकारते, असे आपण फार वर्षे म्हणत आलो. २००० सालानंतर ते खरे उरले नाही. टेबलावर काय येणार हे तेव्हापासून एका यादीत ठरते आणि यादी माणूस लिहितो. आपल्या कचेरीत, शाळेत, बँकेत ती यादी कोण लिहितो हे विचारा आणि त्याच्याकडे आपली ओळ घालण्याचा आग्रह धरा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)