रानमाणसाचे केस

लाइपत्सिग, 1740. संत मायकेलच्या नावाची शरदातली जत्रा ऐन भरात आहे. तुमच्या बुटांना चिखल लागलाय, नाकात कॉफीचा वास आहे. पुस्तकांचे गठ्ठे नि फरच्या ढिगांमधून वाट काढत तुम्ही बोळातल्या एका टेबलाशी थांबता. हिरव्या कापडावर चांदीचे जुने थालर. शेजारी न्यूरेंबर्गचा एक छापील अंक: प्राध्यापक क्योलर 1729 पासून दर आठवड्याला एका नाण्याचं चित्र नि त्याची हकिगत छापतात. म्हणजे नाण्यांचं वेड आपल्यापासून सुरू झालेलं नाही.

तुमच्या खिशात 1599 चा थालर आहे. सिंहावर गांधीलमाश्या तुटून पडल्या आहेत. ब्राउनश्वाइगच्या ड्यूक हाइनरिश युलिउसने कटकट्या सरदारांना हाणलेला हा टोमणा. भांडणासाठी टांकसाळ वापरणारा माणूस मला तरी आवडतो.

टेबलामागचा म्हातारा आधी तराजू काढतो. रागावू नका. 1619 ते 1623 या काळात ठकांनी जड नाणी वेचून वितळवली आणि तांबं मिसळून हलकी पाडली. त्याला सव्वाशे वर्षं होत आली, तरी इथला माणूस तोंडापेक्षा काट्यावर विश्वास ठेवतो. काटा सव्वाएकोणतीस ग्रॅमच्या आसपास थांबतो. आपले अडीच तोळे. मग तो तुमचं नाणं टेबलावर टाकतो. खणखणीत.

आता तो बदल्यात द्यायचं त्याचं नाणं पुढे सरकवतो. 1587, ड्यूक युलिउस. अंगभर केस असलेला रानमाणूस, एका हातात मुळासकट उपटलेलं झाड. शिवाय दिवा, कवटी, वाळूचं घड्याळ आणि चक्क चष्मा! सोबत नुसती आद्याक्षरं. म्हातारा हसत उकलून सांगतो: जो स्वतःला ओळखायलाच तयार नाही, त्याच्या डोळ्यांना दिवा काय नि चष्मा काय.

नाणं मुठीत गच्च धरा. हार्त्सचा डोंगर, ओली माती, 1529 च्या सुमाराचे दिवस. नवीन आलेले खाणकामगार कुजबुजतायत, की एक केसाळ माणूस आणि त्याची बायको दिसली, आणि ती दिसली तिथेच चांदीची शीर सगळ्यांत जाड निघाली. गावाचं नावच पडलं विल्डेमान, म्हणजे रानमाणूस. समोर झाडी हलते. तुम्ही मूठ उघडता.

"काय ठरलं, पाहुणे?" म्हातारा विचारतो.

घाई नको. कडेवर, रानमाणसाच्या डोक्याच्या बरोबर वर, नख फिरवा. डाग लागतोय? कुणीतरी कडी जोडून गळ्यात घातलं होतं, नंतर काढून टाकली. आता नाणं तिरपं धरून रानमाणसाची मांडी उजेडात बघा. केस सगळ्यांत आधी झिजतात. इथे ते एकेक मोजता येतात. मला विचाराल तर कडीचा डाग माफ, गेलेले केस नाही.

डाग दाखवताच म्हातारा वरताळा चार ग्रोशेनवरून दोनवर आणतो. द्या आणि उठा.

निघताना शेजारच्या टेबलाकडे बघा. एक पोरगा खडूची भुकटी लावून दुसरा रानमाणूस घासतोय. नाणं आरशासारखं चमकतंय आणि मांडी अगदी गुळगुळीत झालीय. घरी पोचल्यावर तुमचं नाणं काळवंडलेलं वाटेल. तसंच राहू द्या.