दूरच्या युद्धाची मंदी: पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील कापूस आणि 1865 साल

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ आज तेलंगणात असले, तरी तेथील मराठी वस्ती, काळी जमीन आणि कापसाचे पीक यांचे नाते पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडाशी आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा भाग आदिलाबादपासून तुटून नांदेडला जोडला गेला तरी ते नाते संपले नाही. साहजिकच अमेरिकेतील यादवी युद्धानंतर या टापूत आलेल्या मंदीची हकीकत वऱ्हाडच्या बाजारापासून सुरू करावी लागते.

वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेला होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा, म्हणजे सुमारे चार-पंचमांश पुरवठ्याचा, मुख्य झरा आटला. भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळच्या अंदाजानुसार या तेजीत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे 8 कोटी पौंड अधिक मिळाले. हा पैसा शेतकऱ्याकडे पोहोचला तो दलाल आणि सावकार यांच्या हातांतून गळत गळत. आणि गंमत अशी की, ज्या रेल्वेने माल स्वस्तात बंदराला जावयाचा ती नागपूरला पोहोचली 1867 मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करताच अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येणार हे उघड झाले आणि भाव कोसळले. मुंबईत तेजीच्या पैशावर वायद्यांचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढील तारखेला शेअर घेण्या-देण्याच्या करारांचा, मोठा डोलारा उभा होता. 1 जुलै 1865 हा त्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा देणे चुकते करणारे फारसे उरले नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 रुपयांवरून 87 रुपयांवर आला आणि पुढे ती बँकच बुडाली. प्रेमचंद रायचंदांसारख्या व्यापाऱ्यांच्या नावामुळे ही पडझड इतिहासात नोंदली गेली. शेतावरची पडझड त्या मानाने झाकलेलीच राहिली, आणि ती अधिक लांबली.

कारण असे की, भाव एका हंगामात खाली येतो, परंतु तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज आणि तेजी पाहून ठरवलेला सारा, म्हणजे जमीन महसूल, त्याच्यामागून उतरत नाही. दख्खनेत 1867 च्या सुमारास इंदापूरसारख्या तालुक्यांत फेरमोजणीने सारा वाढवला गेला. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांनी 1865 मध्येच जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे सोपवली. सुधारणा म्हणून ती मोलाची होती, पण शेतकऱ्याचे रोख देणे त्यामुळे टळले नाही. शिवाय हैदराबादचा हाली रुपया इंग्रजी रुपयाहून वेगळा असल्याने नदीपलीकडच्या व्यवहारात बट्टा, म्हणजे नाणेबदलाची घट, सोसावी लागे.

या साचलेल्या देण्याचा स्फोट 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला, आणि सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळण्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यावर 1879 मध्ये दख्खन शेतकरी सवलत कायदा आला, परंतु तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड किंवा निजामाचा मुलूख त्यात नव्हता.